आई-बाबांना घेऊन सांता फे: बी अँड बी घ्यावं का, आणि आधी काय विचारावं

प्रश्न असा आहे. डॅलसमधलं जोडपं, साताऱ्याहून आलेले आई-बाबा आणि ऑक्टोबरमध्ये तीन रात्रींची सवड. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला जायचंय आणि नेहमीच्या साखळी हॉटेलाऐवजी जुन्या मातीच्या घरातल्या बी अँड बीमध्ये, म्हणजे खोलीबरोबर सकाळची न्याहारी देणाऱ्या घरात, राहायचं मनात आहे. बाबांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आई अंडंसुद्धा खात नाहीत. असं राहणं जमेल का, की उगाच हौसेपायी सगळ्यांचे हाल?

जमेल. मी अल्बुकर्कीत राहतो आणि या भागात येणाऱ्यांच्या सहली आखून देणं हेच माझं काम आहे. माझं मत सांगतो: सांता फेत बी अँड बी घ्यायचं ते दोनच गोष्टींसाठी. गाडी न काढता चालत फिरता यावं, आणि सकाळी टेबलावर गावातलं माणूस भेटावं. या दोन्हींपैकी काही मिळणार नसेल तर गावातलं छोटं हॉटेल बिनदिक्कत घ्या. मातीच्या भिंतींचे फोटो पाहून खोली बुक करू नका.

भिंतींचं आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते. 1957च्या एका नियमामुळे सांता फेच्या जुन्या भागातली बांधकामं ठरावीक शैलींतच करावी लागतात. त्यामुळे बँक, दुकान, पार्किंगची इमारत, सगळंच मातीच्या रंगाचं आणि गोलसर कोपऱ्यांचं दिसतं. त्यातलं बरंचसं आतून लाकडी सांगाडा आणि वर प्लास्टर असतं. खरं अडोबी, म्हणजे माती आणि काडाच्या उन्हात वाळवलेल्या विटांचं घर ओळखायचं असेल तर खिडकीपाशी जा. काच आणि खोलीची आतली बाजू यांच्यात हातभर रुंद कट्टा दिसला तर भिंत खरी. अशा खोलीत दुपारी गारवा असतो आणि रात्री ऊब टिकते. पण त्याच भिंतीत मोबाईलची रेंजही अडते. जुन्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या खोल्या जोडत गेलेले असतात, म्हणून एका खोलीतून दुसरीत जाताना मध्येच एक पायरी, कुठे उंच उंबरा, कुठे वाकून जावं लागेल असं दार. तुम्हाला त्याची मजा वाटेल. बाबांना रात्री दोन वाजता बाथरूमला उठल्यावर वाटणार नाही.

म्हणून बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न बाथरूमचा. खोली कितीही देखणी असू दे, त्यात पायांवर उभा असलेला जुन्या पद्धतीचा टब असेल आणि शॉवर त्या टबातच असेल, तर बाबांनी रोज सकाळी दीड-दोन फूट पाय उचलून आत जायचं आणि ओल्या पायाने बाहेर यायचं. थेट विचारा: तळमजल्याची खोली आहे का, शॉवरमध्ये सरळ चालत जाता येतं का, धरायला दांडी आहे का, गाडी उभी करण्याच्या जागेपासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत. अमेरिकेतला अपंगांच्या सोयीचा कायदा मालक स्वतः राहत असलेल्या आणि पाच किंवा त्याहून कमी खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांना लागू होत नाही. त्यामुळे सोय असेलच असं गृहीत धरू नका. लिफ्ट तर विसराच.

चौघांसाठी माझी पहिली पसंती कसिताला. कसिता म्हणजे मुख्य घराच्या आवारातलं वेगळं छोटं घर. दोन खोल्या, मध्ये बसायची जागा आणि बऱ्याचदा छोटं स्वयंपाकघर. न्याहारीला मुख्य घरात जायचं, बाकी वेळ आपलं आपण. दोन वेगळ्या खोल्या घेतल्यात तर त्या शेजारीशेजारी आहेत ना, हे लेखी विचारून घ्या. एक आवाराच्या या टोकाला आणि दुसरी गल्लीपलीकडच्या घरात, असंही निघतं.

स्वयंपाकघराचा आग्रह का, तर चहा. सांता फेची वेळ डॅलसच्या एक तास मागे आहे. आई तुमच्याकडे साडेपाचला उठत असतील तर इथे साडेचारला त्यांचे डोळे उघडतील, आणि न्याहारी बहुतेक ठिकाणी आठ-साडेआठला सुरू होते. मधले चार तास बिनचहाचे काढायला लावू नका. मालकाचं स्वयंपाकघर पाहुण्यांना वापरता येत नाही. खोलीत केटल आणि छोटा फ्रीज आहे का ते विचारा. नसेल तर केटल, चहा पावडर, साखर, आलं बरोबर घ्या आणि दूध गावात शिरतानाच विकत घ्या. या उंचीवर पाणी साधारण 93 अंशालाच उकळतं, त्यामुळे चहा नेहमीपेक्षा फिका उतरतो. पावडर जरा जास्त टाका, झाकून ठेवा.

आता उंचीबद्दल, कारण सगळी आखणी तिच्यावर अवलंबून आहे. सांता फे सुमारे 7,000 फुटांवर आहे. अमेरिकेतली सगळ्यात उंचावरची राज्य-राजधानी हीच. आपलं कळसूबाईचं शिखर 5,400 फूट. म्हणजे प्लाझात, गावाच्या मधल्या चौकात, बाकावर बसून आइस्क्रीम खाणारा माणूस कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दीड हजार फूट वर बसलेला असतो, आणि आजूबाजूला सगळं सपाट दिसत असल्याने त्याला ते लक्षातही येत नाही. डॅलस जेमतेम चार-पाचशे फुटांवर. विमानाने गेलात तर दोन तासांत हा फरक अंगावर येतो. पहिल्या रात्री झोप तुटक लागणं, डोकं जड होणं, जिना चढताना धाप लागणं हे पुष्कळांना होतं आणि एक-दोन दिवसांत निवळतं. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. बाबांच्या डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकणाऱ्या असतात, आणि इथली हवा मुळातच इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. पाण्याची बाटली सतत हातात हवी. खोबरेल तेलाची डबी घ्या. ओठ, टाचा आणि नाकाच्या आतली कातडी, तिन्हींना लागेल. धाप बसल्या जागी थांबत नसेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र ‘उंचीमुळे असेल’ म्हणत बसू नका, सरळ 911 लावा.

न्याहारी. कोकणात कुणी निवास-न्याहारी योजनेत राहिलं असेल त्याला कल्पना येईल, घरची मालकीण विचारून विचारून वाढते तसा मामला. फक्त इथलं सगळं अंड्याभोवती फिरतं. कीश, फ्रिटाटा, ब्रेकफास्ट बरिटो. निळ्या मक्याचे पॅनकेक इथली खासियत, पण त्यांच्या पिठातही बहुधा अंडं असतं. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलंत तर आईंसमोर चीज घातलेलं ऑम्लेट येईल, आणि करणाऱ्याची त्यात काही चूक नसेल. बुकिंग करताना आणि पोचायच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा सांगा: अंडं नाही, मांसाचा रस्सा नाही, लार्ड नाही. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. या राज्यात ती अनपेक्षित जागी भेटते. उसळीसारख्या शिजवलेल्या बीन्समध्ये, मैद्याच्या टॉर्टियात (इथली पोळी), आणि बिस्कोचितोमध्ये. हे बडीशेपेसारख्या वासाचं, दालचिनी-साखरेत घोळवलेलं बिस्किट. राज्याचं अधिकृत बिस्किट म्हणून मिरवतं, संध्याकाळी खोलीत बशीत ठेवलेलं असतं आणि पारंपरिक कृतीत चरबी हटकून असते. आईंनी चहाबरोबर उचलायच्या आत विचारून घ्या.

मग खायचं काय? कालाबासितास मागा. झुकिनी, मक्याचे दाणे आणि हिरव्या मिरचीची परतलेली भाजी, आपल्या जिभेला ओळखीची वाटते. मक्याची टॉर्टिया, भाजलेले बटाटे, ओटमील, फळं. रेस्तराँमध्ये ‘रेड ऑर ग्रीन?’ असं विचारतील, म्हणजे लाल मिरचीचा रस्सा की हिरव्या. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. तिखटपणाची भीती साताऱ्याच्या माणसांना घालण्यात अर्थ नाही, पण दोन्ही रश्श्यांत मांस किंवा मांसाचं पाणी असू शकतं, तेव्हा तिथेही विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवी मिरची जाळीच्या फिरत्या पिंपात गॅसच्या ज्वाळांवर भाजतात आणि तो वास गावभर पसरतो. ऑक्टोबरपर्यंत तो जोर ओसरतो. तेव्हा दारोदार लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील.

जागा कुठली, यावर लोक फार काथ्याकूट करतात. माझं उत्तर सोपं आहे: प्लाझापासून दहा मिनिटांच्या चालीत, पूर्वेला किंवा दक्षिणेला. कॅन्यन रोडच्या वरच्या अंगाची घरं सुंदर आणि शांत आहेत, पण तिथले फुटपाथ अरुंद, मध्येच संपणारे, आणि रात्री दिवे अगदी कमी. तुम्हा दोघांनाच जायचं असतं तर मी तीच सुचवली असती. रेलयार्डचा भाग सपाट आहे, शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, गाडी लावायला जागा मिळते. गुडघेवाल्यांसाठी तो उत्तम पर्याय. सेरिओस रोडवर साखळी हॉटेलं स्वस्त आहेत, मात्र तो रस्ता कुठल्याही अमेरिकन गावातला असावा तसा आहे. तिथे राहून रोज गाडीने प्लाझाला येण्यात सांता फेला आल्याचा अर्धा आनंद जातो. भाड्याच्या आकड्यावर करांपोटी पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढ धरा. शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट सर्रास असते, आणि छोट्या घरांचा रद्द करण्याचा नियम हॉटेलांपेक्षा कडक असतो. दहा खोल्यांच्या घरात एक खोली ऐनवेळी रिकामी राहिली तर मालकाला ते परवडत नाही, एवढं समजून घ्या. शेकोटीची हौस असेल तर लाकडाची की गॅसची तेही विचारा. कोपऱ्यातल्या मातीच्या शेकोटीत लाकडं आडवी रचत नाहीत, मागच्या भिंतीला टेकवून उभी करतात. पिन्यॉनच्या लाकडाचा वास छानच, पण कुणाला दम्याचा त्रास असेल तर गॅसचीच बरी.

पाहायचं काय, हे थोडक्यात सांगून पुढे गेलो असतो, पण दोन ठिकाणी थांबावंसं वाटतं.

पहिलं, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सचा ओटा. प्लाझाच्या उत्तरेची ही लांबलचक बैठी इमारत 1610च्या सुमाराची, स्पॅनिश अंमलातली. तिच्या पुढच्या पडवीत भिंतीला पाठ लावून आदिवासी कारागीर ओळीने बसलेले असतात, प्रत्येकापुढे एक कापड आणि त्यावर चांदी, पिरोजा, मातीची भांडी. इथे कुणीही येऊन बसू शकत नाही. नोंदणी लागते, माल स्वतः किंवा घरच्यांनी बनवलेला असावा लागतो, त्यावर बनवणाऱ्याची खूण लागते, आणि गर्दीच्या दिवशी सकाळी जागांसाठी चिठ्ठ्या काढतात. आईंना एखादी अंगठी घ्यायची असेल तर चकचकीत दुकानापेक्षा इथे घ्या. खडा हातात घेऊन विचारा, ‘हा नैसर्गिक आहे की स्टॅबिलाइज्ड?’ स्टॅबिलाइज्ड म्हणजे मऊ पिरोज्यात राळ भरून घट्ट केलेला. त्यात खोटं काही नाही, पण किंमत त्यामानाने हवी. कारागीर सरळ उत्तर देतात. एकच विनंती: लक्ष्मी रोडची सवय बाजूला ठेवा. समोरच्या बाईंनी स्वतः घडवलेल्या वस्तूवर घासाघीस करणं इथे अपमानाच्या जवळ जातं. दोन-तीन वस्तू घेत असाल तर ‘एकत्र काही कमी होईल का’ एवढं एकदा विचारणं ठीक. फोटोही विचारूनच.

दुसरं, म्युझियम हिलवरचं आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय. अलेक्झांडर जिरार्ड नावाच्या डिझायनरने शंभराहून अधिक देशांतून गोळा केलेल्या लाखभर वस्तू या संग्रहालयाला दिल्या, आणि त्यातला काही भाग त्याने स्वतः मांडून ठेवलाय, 1982पासून. बोटभर उंचीच्या बाहुल्यांची आख्खी गावं, बाजार, लग्नाच्या वराती, स्वर्ग-नरक. भारतातली खेळणीही त्यात आहेत. वस्तूंशेजारी पाट्या नाहीत. त्याला त्या नकोच होत्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी हाताळत मोठ्या झालेल्या पिढीला इथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. बाबांसाठी दारात व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. दोन तास उभं राहणं होतं.

बाकीचं पटकन. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांचं म्युझियम लहान आहे, तासाभरात होतं. ठरल्या वेळेची तिकिटं आधी काढा. लोरेटो चॅपेलचा मधला खांब नसलेला गोल जिना बघायला दहा मिनिटं पुरतात. कॅन्यन रोडवर शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान गॅलऱ्यांमध्ये नव्या प्रदर्शनांची उद्घाटनं असतात, आत जायला पैसे लागत नाहीत आणि विकत घेणार का असं कुणी विचारत नाही. उताराच्या दिशेने चाला: गाडीने वर सोडायचं, खाली घ्यायला यायचं. म्याव वुल्फ हे जुन्या बोलिंग अ‍ॅलीत उभं केलेलं भूलभुलैयासारखं घर. तिथे फ्रीजच्या दारातून पलीकडच्या खोलीत जायचं, शेकोटीतून रांगत बाहेर पडायचं. दिवे, आवाज, गर्दी. तुम्ही दोघं एका संध्याकाळी जाऊन या, आई-बाबांना अंगणात बसू द्या.

तीन रात्रींत गावाबाहेरचा दिवस एकच. बहुतेक जण एका दिवशी लॉस अ‍ॅलामोस आणि बँडेलियरच्या गुहा, दुसऱ्या दिवशी उत्तरेचं ताओस गाव असं धरतात आणि सांता फे बघायचं राहून जातं. बँडेलियरला शिड्या आहेत, तुमच्यासाठी बाद. लॉस अ‍ॅलामोसची आवड बाबांना असेल तर प्लाझाजवळ 109 ईस्ट पॅलेस हा पत्ता दाखवा. 1943पासून अणुबॉम्बच्या प्रकल्पावर येणारे शास्त्रज्ञ आधी तिथे हजेरी लावत आणि मग डोंगरावर जात.

मी ताओस निवडेन. दीड तासाचा रस्ता, बराचसा रिओ ग्रान्दे नदीच्या काठाने. ताओसमध्ये नीम करोली बाबांचा आश्रम आणि हनुमानाचं मंदिर आहे. मूर्ती जयपूरला घडवलेली, उड्डाण करणाऱ्या मारुतीची. महिनोन्‌महिने परदेशात असलेल्या आई-बाबांना वाळवंटात ध्यानीमनी नसताना हनुमान चालिसा कानावर पडते, त्याचं वर्णन मी करत नाही. वेळा मात्र आधी बघून घ्या. गावात शिरण्याआधी रांचोस दे ताओसचं मातीचं चर्च लागतं. त्याच्या भिंतींवर दरवर्षी गावकरी एकत्र येऊन माती-काडाचा नवा हात देतात, आपल्याकडे सणाच्या आधी घर सारवतात तसा. ताओस प्वेब्लो ही आदिवासींची, आजही माणसं राहत असलेली वस्ती आहे, म्हणून विधींच्या दिवशी ते बाहेरच्यांसाठी बंद असतं. निघण्यापूर्वी फोन करा, आणि आत गेल्यावर कुणाच्याही दारात डोकावू नका. परतताना चिमायोवरून येणारा डोंगरातला रस्ता घ्या, पण अंधार पडण्याआधी. वळणं आहेत, हरणं आडवी येतात.

डॅलसहून गाडीने यायचा विचार सोडा. साडेसहाशे मैलांच्या आसपास अंतर, दहा तास. तीन रात्रींसाठी दोन दिवस रस्त्यावर घालवणं बाबांच्या गुडघ्यांना शिक्षा आहे. सांता फेच्या छोट्या विमानतळावर डॅलसहून थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर अल्बुकर्कीला उतरून भाड्याच्या गाडीने तासाभरात पोचाल.

राहता राहिल्या तारखा. अल्बुकर्कीचा बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो आणि त्या काळात सांता फेतल्या खोल्यांचे भावही चढतात. तो संपल्यानंतरचा आठवडा घ्या. डोंगरावरच्या अ‍ॅस्पेनची पिवळी पानं तोवर बहुतेक गळून गेलेली असतील, पण ती बघायला तसंही दहा हजार फुटांवर जावं लागतं, जे बाबांना मी सांगणार नाही. त्याऐवजी नदीकाठचे कॉटनवुड तेव्हा ऐन पिवळे होतात, आणि ते ताओसच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतूनच दिसतात. दुपारी 18 अंशांच्या आसपास, पहाटे तीन-चार. स्वेटर, कानटोपी, मोजे हवेतच, दुपारी ते काढून ठेवायला एक पिशवीही.

मी इथे कुठल्याही बी अँड बीचं नाव दिलेलं नाही, कारण ही घरं हात बदलतात आणि मालक बदलला की न्याहारी बदलते. दोन-तीन घरं निवडा आणि संकेतस्थळावरून बुक करण्याऐवजी फोन लावा, इथल्या वेळेने सकाळी अकरानंतर. त्याआधी मालक स्वयंपाकाच्या ओट्यापाशी असतात. बाथरूम, पायऱ्या आणि अंड्याशिवायची न्याहारी, या तीन प्रश्नांना जो माणूस घाई न करता उत्तर देईल, त्याच्याकडे राहा.